वर्गसमीकरणाची सदसत् बीजे

ज्या समीकरणात अज्ञात राशीचा सर्वांत मोठा घात दोन असतो त्यास वर्गसमीकरण किंवा द्विघाती समीकरण म्हणतात. त्याचे सर्वसाधारण रूप अक्ष² + बक्ष + क = ० असे असून अ, ब, क हे सहगुणक ज्ञात असतात आणि अ शून्य नसतो. क्ष च्या ज्या मूल्यांनी समीकरणाचे समाधान होते ती त्याची बीजे (किंवा मुळे) होत. सहगुणक सत् (वास्तव) असतील, तर बीजे कोणत्या प्रकारची आहेत हे ब² − ४अक या राशीवरून समजते. तिला विवेचक म्हणतात. विवेचक धन असल्यास दोन भिन्न सत् बीजे व शून्य असल्यास दोन समान सत् बीजे मिळतात. विवेचक ऋण असल्यास मात्र ऋण संख्येचे वर्गमूळ घेण्याचा प्रसंग येतो. कोणत्याही सत् संख्येचा वर्ग ऋण नसल्यामुळे सत् संख्यांपुरते पाहिले असता असे समीकरण सुटत नाही. त्याची बीजे सदसत् असतात.

माध्यमिक शाळेत अशा समीकरणाविषयी ‘वास्तव मुळे नाहीत’ असे शिकवून तो विषय तेथेच थांबविण्यात येतो आणि पुढे महाविद्यालयात त्याच समीकरणाची दोन बीजे काढून दाखविण्यात येतात. ही दोन्ही विधाने बरोबर आहेत. बीज आहे की नाही हे केवळ समीकरणावर ठरत नाही, तर कोणत्या संख्या उत्तर म्हणून स्वीकारावयाच्या हे आधी ठरवावे लागते. कोणत्या प्रश्नात ऋण विवेचक म्हणजे ‘अशक्य’ आणि कोणत्या प्रश्नात तोच खरे उत्तर सांगणारा, हे ओळखणे हा या विषयाचा गाभा आहे.

सत् आणि असत् अशा दोन भागांनी बनलेली म्हणून सदसत् ही संज्ञा योजिली आहे. शालेय क्रमिक पुस्तकांत यासच संमिश्र संख्या म्हटलेले असते. असत् किंवा कल्पित हे शब्द परंपरेने आले आहेत. ते शब्दशः घेतल्यास या संख्या इतर संख्यांपेक्षा कमी खऱ्या आहेत असा समज होतो आणि तो निराधार आहे.

सोडविण्याची रीत : डावी बाजू पूर्ण वर्ग करून घेणे ही वर्गसमीकरण सोडविण्याची फार जुनी आणि आजही सर्वांत उपयुक्त रीत होय. श्रीधराचार्य यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या नियमानुसार समीकरणाच्या दोन्ही बाजूंस ४अ ने गुणून नंतर ब² मिळविला म्हणजे अपूर्णांक न येता (२अक्ष + ब)² = ब² − ४अक असे रूप मिळते. श्रीधरांचा बीजगणितावरील ग्रंथ उपलब्ध नाही. हा नियम भास्कराचार्य (दुसरे) यांनी आपल्या ग्रंथात उद्धृत केल्यामुळे टिकला. दोन्ही बाजूंचे वर्गमूळ घेतले असता क्ष = [−ब ± √(ब² − ४अक)] ÷ २अ हे परिचित सूत्र मिळते.

उदाहरणार्थ, क्ष² − ६क्ष + १३ = ० हे समीकरण घेऊ. येथे विवेचक ३६ − ५२ = −१६ म्हणजे ऋण आहे. १३ ही संख्या उजवीकडे नेऊन दोन्ही बाजूंत ९ मिळविल्यास (क्ष − ३)² = −४ असे होते. येथवर केलेल्या क्रियांत काहीही नवीन नाही. अडचण फक्त शेवटच्या पायरीत आहे. ती दूर करण्यासाठी जिचा वर्ग −१ आहे अशी एक नवी संख्या स्वीकारतात व तिला असत् एकक म्हणतात. लेनर्ड ऑयलर यांनी १७७७ मध्ये तिच्यासाठी रोमन लिपीतील एक अक्षर योजिले. प्रस्तुत नोंदीत त्याच्या जागी ‘इ’ हे अक्षर घेतले आहे. म्हणजे इ² = −१. ही एक गोष्ट सोडल्यास बेरीज, गुणाकार इत्यादींचे नेहमीचेच नियम चालू राहतात. त्यामुळे −४ = (२इ)² आणि क्ष − ३ = ±२इ, म्हणून क्ष = ३ + २इ किंवा क्ष = ३ − २इ. पडताळा पाहता, (३ + २इ)² = ९ + १२इ − ४ = ५ + १२इ. यातून ६(३ + २इ) म्हणजे १८ + १२इ वजा केल्यास −१३ उरतात व त्यात १३ मिळविले की शून्य येते.

या दोन बीजांत सत् भाग सारखा असून असत् भागांची चिन्हे विरुद्ध आहेत. अशा जोडीला संयुग्मी जोडी म्हणतात. सहगुणक सत् असतील, तर सदसत् बीजे नेहमी संयुग्मी जोडीनेच येतात. याचे कारण सूत्रातील ± या चिन्हात दिसतेच, पण त्याहून खोल कारण असे की, इ ची ओळख ‘जिचा वर्ग −१’ एवढीच आहे आणि ती −इ लाही तंतोतंत लागू पडते. सत् सहगुणकांच्या समीकरणात इ च्या जागी सर्वत्र −इ लिहिल्याने समीकरण बदलत नाही, म्हणून एक बीज असल्यास त्याचे संयुग्मीही बीज असलेच पाहिजे. बीजांची बेरीज −ब ÷ अ व गुणाकार क ÷ अ असतो, हा नियमही अबाधित राहतो. वरील उदाहरणात बेरीज ६ आणि गुणाकार ३² + २² = १३ आहे. बेरीज आणि गुणाकार दोन्ही सत् येतात हे लक्षणीय आहे.

नेहमीचे नियम चालू राहतात या विधानाला एका ठिकाणी जपावे लागते. धन संख्यांच्या वर्गमूळांचा गुणाकार हा त्या संख्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ असतो. हा नियम ऋण संख्यांना तसाच लावल्यास √−४ × √−९ चे उत्तर √३६ म्हणजे ६ येईल, पण प्रत्यक्षात २इ × ३इ = ६इ² = −६. म्हणून ऋण संख्येचे वर्गमूळ दिसताच ते प्रथम इ च्या रूपात लिहावे व मगच पुढील आकडेमोड करावी. ऑयलर यांच्या १७७० मधील बीजगणितावरील ग्रंथातही √−१ × √−४ = २ अशा स्वरूपाचे विधान आढळते. ती चूक समजावी की प्रत्येक वर्गमूळाला दोन मूल्ये असतात या अर्थाने ते योग्य मानावे याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. सदसत् संख्यांत लहानमोठेपणाचा क्रमही लावता येत नाही. ३ + २इ ही ३ − २इ पेक्षा मोठी आहे असे म्हणण्यास अर्थ नाही.

इतिहास : सदसत् संख्यांचा उगम वर्गसमीकरणातून झाला असे सर्वसाधारणपणे सांगण्यात येते. ते इतिहासाला धरून नाही. वर्गसमीकरणे सोडविणाऱ्या जुन्या गणित्यांना ऋण विवेचक अनेकदा भेटला असणार, पण त्यांना त्याचे कोडे पडले नाही. अल् ख्वारिझ्मी यांनी इ. स. नवव्या शतकाच्या पूर्वार्धात वर्गसमीकरणांचे प्रकार पाडून प्रत्येकाची रीत दिली आणि ज्या प्रकारात वजाबाकी शक्य होत नाही तो प्रश्नच अशक्य असे नमूद केले. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष यांच्या काळातील जैन गणिती महावीराचार्य यांनी गणितसारसंग्रहात (सु. ८५०) ऋण संख्या स्वभावतःच वर्ग नसल्याने तिला वर्गमूळ नाही असे सांगितले. भास्कराचार्यांनीही बीजगणितात (११५०) हेच मत दिले. धन संख्येला धन आणि ऋण अशी दोन वर्गमूळे असतात हे त्यांना पूर्ण माहीत होते, म्हणून हा नकार अज्ञानातून आलेला नाही, विचारपूर्वक दिलेला आहे.

उत्तर पारखून घेण्याची भास्कराचार्यांची दृष्टी त्यांच्या वानरांच्या प्रसिद्ध उदाहरणात दिसते. कळपाच्या पाचव्या हिश्श्यातून तीन वजा करून उरलेल्या संख्येच्या वर्गाइतकी वानरे गुहेत गेली व एक बाहेर दिसत आहे, तर एकूण वानरे किती, असा तो प्रश्न आहे. समीकरण क्ष² − ५५क्ष + २५० = ० असे होऊन बीजे ५० आणि ५ येतात. दोन्ही सत् आणि धन आहेत. तरीही पाच हे उत्तर त्यांनी अग्राह्य ठरविले, कारण पाचाचा पाचवा हिस्सा एक आणि त्यातून तीन वजा जाता वानरांची संख्या ऋण होते. समीकरणाचे बीज आणि प्रश्नाचे उत्तर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे यात स्पष्ट होते.

इटालियन गणिती जेरोलामो कार्दानो यांनी आर्स माग्ना या १५४५ मधील ग्रंथात एक प्रश्न घेतला : दहाचे असे दोन भाग करा की, त्यांचा गुणाकार ४० होईल. समीकरण क्ष² − १०क्ष + ४० = ० असे असून विवेचक १०० − १६० = −६० आहे. हे अशक्य आहे असे सांगून ते थांबले नाहीत. त्यांनी रीत पुढे चालवून ५ + √−१५ आणि ५ − √−१५ ही बीजे लिहिली व त्यांचा गुणाकार २५ − (−१५) = ४० येतो हे दाखविले. मात्र ही आकडेमोड जितकी सूक्ष्म तितकीच निरुपयोगी आहे असा शेराही त्यांनी मारला. वर्गसमीकरणापुरते बोलावयाचे, तर तो शेरा त्या काळी वाजवी होता. ज्याची परिमिती २० आणि क्षेत्रफळ ४० आहे असा आयत काढा, असे याच प्रश्नाचे भूमितीय रूप आहे. परिमिती २० असलेल्या आयतांत सर्वांत मोठा म्हणजे ५ बाजूचा चौरस, त्याचे क्षेत्रफळ २५. चाळिसाची मागणी पंधराने जास्त आहे आणि वर्गमूळाखाली नेमका तोच पंधराचा आकडा ऋण चिन्हासह उभा आहे. म्हणजे सदसत् बीज येथे आयत देत नसले, तरी मागणी कितीने अशक्य आहे हे सांगते.

ऋण वर्गमूळांकडे डोळेझाक करणे अशक्य झाले ते घनसमीकरणांमुळे. क्ष³ = १५क्ष + ४ या समीकरणाचे एक बीज ४ आहे हे पाहताच कळते, कारण ६४ = ६० + ४. परंतु घनसमीकरणांच्या तत्कालीन सूत्राने ते काढू गेल्यास २ + √−१२१ आणि २ − √−१२१ यांच्या घनमूळांची बेरीज असे उत्तर येते. येथे ‘प्रश्न अशक्य’ असे म्हणून सुटका होत नाही, कारण उत्तर सरळ आहे आणि सूत्रही बरोबर आहे. राफाएल बोंबेल्ली यांनी १५७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या राशींना बेरीजगुणाकाराचे नियम घालून दिले व २ + इ चा घन २ + ११इ येतो, म्हणजे २ + √−१२१ येतो, हे दाखविले. त्यामुळे दोन घनमूळे २ + इ व २ − इ अशी मिळून त्यांची बेरीज ४ होते. सत् प्रश्नापासून सत् उत्तरापर्यंतची वाट असत् संख्यांमधून जात होती. या संख्यांना बीजगणितात जागा मिळाली ती या कारणाने.

तरीही त्या नेमक्या काय आहेत हे कळण्यास आणखी सव्वादोनशे वर्षे जावी लागली. रने देकार्त यांनी १६३७ मध्ये अशा बीजांना ‘कल्पित’ हे विशेषण लावले आणि ते चिकटून राहिले. जॉन वॉलिस यांनी १६८५ मधील ग्रंथात एक कल्पना मांडली. समुद्र हटून मिळालेली जमीन धन मानली, तर समुद्राने गिळलेली जमीन ऋण म्हणावी लागेल. ती चौरसाकृती असल्यास त्या चौरसाची बाजू म्हणजेच ऋण संख्येचे वर्गमूळ. ही कल्पना मनोरंजक आहे, पण तिच्यातून गुणाकाराचा अर्थ लागत नाही. समाधानकारक अर्थ प्रथम कास्पार व्हेसेल या मोजणीदाराने लावला. नॉर्वेत जन्मलेल्या व डेन्मार्कमध्ये काम करणाऱ्या व्हेसेल यांनी तो निबंध १७९७ मध्ये सादर केला व १७९९ मध्ये तो डॅनिश भाषेत छापला गेला, पण सु. शंभर वर्षे कोणाच्या लक्षात आला नाही. झां रॉबेअर आर्गां यांनी १८०६ मध्ये स्वतंत्रपणे तीच गोष्ट मांडली. कार्ल फ्रीड्रिख गाउस यांनी १८३१ मध्ये तिला आपला अधिकार दिला, तेव्हा कोठे या संख्यांभोवतीचे गूढ ओसरले.

भूमितीय अर्थ : सत् संख्या एका रेषेवर दाखवितात. या रेषेवर −१ ने गुणणे म्हणजे शून्याभोवती अर्धा फेरा (१८०°) घेऊन पलीकडच्या बाजूस जाणे होय. आता क्ष² = −१ हे समीकरण असे विचारते की, कोणती क्रिया लागोपाठ दोनदा केली असता अर्धा फेरा पूर्ण होईल? रेषेवरच राहावयाचे ठरविले, तर अशी क्रिया नाही. रेषेबाहेर प्रतलात जाण्याची मुभा असेल, तर उत्तर सोपे आहे : पाव फेरा, म्हणजे ९०° चे परिभ्रमण. इ ने गुणणे म्हणजे हाच पाव फेरा आणि −इ ने गुणणे म्हणजे उलट दिशेचा पाव फेरा, म्हणून समीकरणाला दोन बीजे आहेत. ३ + २इ ही संख्या प्रतलात उजवीकडे ३ व वर २ अंतरावरील बिंदूने दाखवितात. तिची संयुग्मी संख्या त्याच बिंदूचे सत् अक्षातील प्रतिबिंब असते.

या दृष्टीने बीजांची हालचाल पाहणे उद्बोधक ठरते. क्ष² − ६क्ष + क = ० या समीकरणात क चे मूल्य हळूहळू वाढवीत नेऊ. क = ५ असताना बीजे १ व ५ आहेत, क = ८ असताना २ व ४. ती सत् अक्षावरून एकमेकांकडे सरकत येतात आणि क = ९ होताच ३ या बिंदूवर त्यांची गाठ पडते. क आणखी वाढविल्यास ती नाहीशी होत नाहीत. काटकोनात वळून एक वर आणि एक खाली जाऊ लागते : क = १० असताना ३ ± इ, क = १३ असताना ३ ± २इ. सत् अक्षाखेरीज काही न पाहणाऱ्यास मात्र दोन्ही बीजे ९ नंतर लुप्त झाली असे वाटेल.

आलेखावरही ही बीजे शोधता येतात. य = क्ष² − ६क्ष + १३ = (क्ष − ३)² + ४ हा वर उघडणारा अन्वस्त असून त्याचा शिरोबिंदू (३, ४) येथे आहे. तो क्ष अक्षाला कोठेच छेदीत नाही. तो शिरोबिंदूतून खाली उलटा केला, तर य = ४ − (क्ष − ३)² हा वक्र मिळतो आणि तो अक्षाला १ व ५ येथे, म्हणजे ३ च्या दोन्ही बाजूंना २ अंतरावर छेदतो. हे छेदनबिंदू सदसत् प्रतलात ३ भोवती पाव फेरा फिरविले की ३ ± २इ ही बीजे मिळतात. ही केवळ युक्ती नाही. क्ष = ३ + तइ (त सत् संख्या) असे मूल्य घातल्यास (क्ष − ३)² + ४ चे मूल्य ४ − त² होते. म्हणजे सत् दिशेने वर चढणारा अन्वस्त असत् दिशेने खाली उतरतो आणि त = ±२ असताना शून्यास पोहोचतो.

उपयोग : कार्दानो यांना निरुपयोगी वाटलेली ही बीजे यामिकी आणि विद्युत् शास्त्रात पदोपदी लागतात. स्प्रिंगला टांगलेले वजन ओढून सोडल्यास होणाऱ्या हालचालीचे समीकरण सोडविताना वस्तुमान, अवमंदन (गतीला होणारा विरोध) व स्प्रिंगची दृढता हे सहगुणक असलेले एक वर्गसमीकरण मिळते. वस्तुमान १ किग्रॅ., दृढता दर मीटरला २६ न्यूटन आणि अवमंदन मीटर प्रति सेकंद वेगाला २ न्यूटन असल्यास ते क्ष² + २क्ष + २६ = ० असे होते. विवेचक ४ − १०४ = −१०० असून बीजे −१ ± ५इ येतात. येथे बीजे सदसत् आहेत म्हणजे वजन हलणारच नाही असे कोणी म्हणणार नाही. उलट ते वरखाली आंदोलने करीत राहील, एवढेच त्यातून कळते. सत् भाग −१ हा आंदोलने किती वेगाने विरतात ते सांगतो : कंपविस्तार दर सेकंदाला पूर्वीच्या सु. ०·३७ पट होतो. असत् भाग ५ हा आंदोलनांची घाई सांगतो : एका पूर्ण आंदोलनास सु. १·२६ सेकंद लागतात. तानपुऱ्याची छेडलेली तार दीर्घकाळ झंकारत राहते, तेव्हा तिच्या बीजांचा सत् भाग असत् भागाच्या मानाने फारच लहान असतो.

अवमंदन १५ पर्यंत वाढविल्यास समीकरण क्ष² + १५क्ष + २६ = ० होते, विवेचक २२५ − १०४ = १२१ म्हणजे धन आणि बीजे −२ व −१३ अशी सत् येतात. आता आंदोलन मुळीच होत नाही व वजन हळूहळू मूळ जागी परतते. या दोहोंमधील सीमा अवमंदन सु. १०·२ असताना येते. तेथे विवेचक शून्य असून दोन्ही बीजे सु. −५·१ असतात. आपोआप मिटणाऱ्या दाराला लावलेली दट्ट्याची योजना किंवा मोटारगाडीतील धक्काशोषक यांची मांडणी करताना अभियंता याच सीमेचा विचार करीत असतो. अवमंदन कमी पडले तर दार पुढेमागे हेलकावे खाते आणि जास्त झाले तर मिटण्यास वेळ लावते. −२ हे बीज −५·१ पेक्षा शून्याच्या जवळ असल्याने जादा अवमंदनाची हालचाल अधिक मंद ठरते. बीजे सत् की सदसत् हा प्रश्न येथे दाराच्या वागणुकीचा प्रश्न झाला आहे.

रोधक, प्रवर्तक आणि धारित्र एकसरीत जोडलेल्या विद्युत् मंडलासही हेच समीकरण लागू पडते. प्रवर्तकत्व ०·१ हेन्री व धारित्राची धारिता १० मायक्रोफॅराड असल्यास रोध २०० ओहमपेक्षा कमी असताना बीजे सदसत् होतात व धारित्रातील विद्युत् भार आंदोलने करीत विरतो. त्याहून अधिक रोध असल्यास आंदोलने होत नाहीत. चार्ल्स स्टाइनमेट्स यांनी १८९३ पासून प्रत्यावर्ती प्रवाहाच्या गणितात सदसत् संख्यांचा पद्धतशीर वापर रूढ केला आणि विद्युत् अभियंत्यांची आकडेमोड पुष्कळच सोपी झाली.

मोजमापांवरून घेतलेल्या सहगुणकांच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगावी लागते. विवेचक शून्याजवळ असल्यास अल्पशा चुकीनेही बीजांचे स्वरूप बदलू शकते. क्ष² − २क्ष + १ = ० ची दोन्ही बीजे १ आहेत. शेवटचा सहगुणक १·००१ झाल्यास ती १ ± ०·०३२इ अशी सदसत् होतात आणि ०·९९९ झाल्यास १·०३२ व ०·९६८ अशी सत्. सहगुणकातील एक सहस्रांशाच्या फरकाने बीजे त्याच्या सु. तीस पटींनी सरकली. अशा वेळी बीजे सत् आहेत की नाहीत यावर वाद घालण्यापेक्षा मोजमाप किती अचूक आहे ते पाहणे शहाणपणाचे असते.

सदसत् सहगुणक : सहगुणकच सदसत् असले, तरीही वरील सूत्र लागू पडते. मात्र बीजे संयुग्मी असतीलच असे नाही आणि सूत्रात सदसत् संख्येचे वर्गमूळ काढावे लागते. उदा., क्ष² − (३ − इ)क्ष + (४ − ३इ) = ० या समीकरणाचा विवेचक (३ − इ)² − ४(४ − ३इ) = (८ − ६इ) − (१६ − १२इ) = −८ + ६इ आहे. त्याचे वर्गमूळ प + फइ (प, फ सत् संख्या) मानल्यास प² − फ² = −८ आणि २पफ = ६ अशी दोन समीकरणे मिळतात. मूळबिंदूपासूनच्या अंतरांचा विचार करता प² + फ² हे −८ + ६इ च्या अंतराइतके, म्हणजे √(६४ + ३६) = १० असले पाहिजे. यावरून प² = १, फ² = ९ आणि पफ धन असल्याने वर्गमूळ ±(१ + ३इ) येते. म्हणून बीजे २ + इ व १ − २इ ही होत.

या उदाहरणात एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. सत् संख्यांतील वर्गसमीकरणे सोडविण्यासाठी नव्या संख्या घ्याव्या लागल्या, तर त्या नव्या संख्यांतील समीकरणांसाठी आणखी नव्या संख्या लागतील आणि ही मालिका संपणारच नाही, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तसे होत नाही. क्ष² = इ या समीकरणाची बीजेही ±(१ + इ) ÷ √२ अशी सदसत् संख्यांतच मिळतात. एवढेच नव्हे, तर कोणत्याही घाताच्या, सत् किंवा सदसत् सहगुणकांच्या बहुपदी समीकरणाला सदसत् बीज असतेच. हे बीजगणिताचे मूलभूत प्रमेय होय. गाउस यांनी सत् सहगुणकांच्या बाबतीत १७९९ मधील प्रबंधात त्याची सिद्धता दिली. तिच्यातील एक उणीव पुढे भरून काढावी लागली, पण गाउस यांनी स्वतःच नंतर आणखी सिद्धता दिल्या. वर्गसमीकरणाला नेमकी दोन बीजे (समान असल्यास दोनदा मोजून) असतात हा नियम मात्र गुणाकारात क्रम बदलला तरी उत्तर तेच येते या गृहीतावर उभा आहे. विल्यम रोवन हॅमिल्टन यांनी १८४३ मध्ये शोधलेल्या चार घटकांच्या संख्यांत गुणाकाराचा क्रम बदलल्यास उत्तर बदलू शकते आणि त्या संख्यांत क्ष² + १ = ० या समीकरणाला अनंत बीजे आहेत.